पायाची शीर, हृदयाची वाट

बायपास शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या माणसाला भेटावयास येणारे आप्तेष्ट छातीची विचारपूस करतात. किती ब्लॉक होते, छातीचे हाड जुळले का, खोकताना दुखते का, हे प्रश्न ठरलेले असतात. पायाविषयी सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक पहिल्या दीड-दोन महिन्यांत कित्येक रुग्णांना छातीपेक्षा पायाचाच त्रास अधिक जाणवतो. पायाची सूज, जखमेतून येणारी लस, घोट्याजवळचा बधिरपणा या गोष्टी घरच्यांच्या ध्यानीमनी नसतात. हृदयासाठी पायाने काय दिले आणि ते कोणत्या रीतीने काढून घेतले गेले, याची माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच घेणे म्हणूनच इष्ट ठरते.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या धमन्या चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या, की त्या अडथळ्याच्या पुढे रक्त पोहोचविण्यासाठी नवी वाट करून द्यावी लागते. त्यासाठी लागणारी नळी रुग्णाच्याच शरीरातून घेतात. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य धमनीसाठी बहुधा छातीच्या आतील भिंतीवरची धमनी वापरली जाते. ती दीर्घकाळ टिकते असा अनुभव आहे. परंतु जोडण्या तीन-चार असल्या, तर एवढ्याने भागत नाही. तेथे पायातील शीर उपयोगी पडते. घोट्याच्या आतील बाजूपासून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी ही शीर शरीरातील सर्वांत लांब शीर आहे. ती काढल्यावर पायातील रक्त खोलवरच्या शिरांतून परत जाऊ शकते, म्हणून पाय निकामी होत नाही. शिरेत रक्त एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात. त्यामुळे ती जोडताना बहुधा उलटी करून लावतात.

अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिक येथे १९६७ मध्ये पायाच्या शिरेचा असा वापर पद्धतशीरपणे सुरू केला. भारतात १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात बायपास केली. त्यानंतर ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरांपुरती राहिली नाही. जिल्ह्याच्या गावीही ती होऊ लागली. हृदयावरच्या जोडणीचे तंत्र सुधारत गेले, तशा पायातून शीर काढण्याच्या रीतीही बदलल्या. आज मुख्यतः तीन रीती प्रचलित आहेत आणि प्रत्येकीचा जमाखर्च निराळा आहे.

पहिली रीत जुनी, उघडी चीर देण्याची. शीर जितकी लांब हवी, तितकी कातडी पायाच्या आतील बाजूने उघडायची, शिरेला मिळणाऱ्या बारीक फांद्या बांधून कापायच्या आणि शीर मोकळी करून बाहेर घ्यायची. यात शीर डोळ्यांसमोर असते. कोठे खेच बसते, कोठे फांदी तुटते, हे तत्काळ दिसते. शिवाय विशेष यंत्रसामग्री लागत नाही. दोष आहे तो जखमेचा. टाक्यांची ओळ घोट्यापासून मांडीपर्यंत जाऊ शकते. गुडघ्याखाली शिरेला लागूनच एक संवेदना-मज्जातंतू जातो. तो दुखावल्यास पायाच्या आतील भागात बधिरपणा किंवा जळजळ राहते. मधुमेह, स्थूलपणा किंवा पायाच्या रक्तप्रवाहातील दोष असेल, तर जखम भरून येण्यास विलंब होतो. चीर सलग न देता मध्ये कातडीचे पूल राखून तुकड्यातुकड्यांनी देण्याची पद्धतही काही ठिकाणी वापरतात. तीत टाके कमी लागतात, मात्र त्या पुलांखाली शीर खेचली जाण्याचा धोका असतो.

दुसरी रीत दुर्बिणीची. ती १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रूढ होत गेली. गुडघ्याजवळ दोन-तीन सेंटिमीटरची एक चीर देतात. तिच्यातून बारीक दुर्बीण आत सरकवतात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडून शिरेभोवती बोगद्यासारखी जागा करतात. पडद्यावर पाहत शिरेच्या फांद्या विद्युत्-उष्णतेने बंद करून कापतात आणि गरजेप्रमाणे आणखी एखाद-दुसरी लहान चीर देऊन शीर बाहेर काढतात. रुग्णाच्या पायावर दोन-तीन छोट्या खुणा तेवढ्या उरतात.

सांगली जिल्ह्यातील एका कुटुंबात दोन सख्ख्या भावांच्या वाट्याला या दोन रीती आल्या. थोरल्यांची बायपास १९९९ मध्ये झाली. त्यांना मधुमेह होता. घोट्यापासून मांडीपर्यंतची चीर वरच्या बाजूस चांगली भरून आली, पण पोटरीच्या खालच्या भागात टाके काढल्यावर जखम उकलली. सूनबाई रोज सकाळी पट्टी बदलीत. त्यांच्या पत्नी एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, छातीचं दुखणं तुम्ही पंधरा दिवसांत विसरलात, या पायानं मात्र दिवाळी घालवली." पुढे वीस वर्षांनी धाकट्या भावाची बायपास झाली. दुर्बिणीने शीर काढलेली असल्याने ते आठवड्याभरात अंगणात फिरू लागले. आपला पाय दाखवीत ते म्हणाले, "दादा, तुम्हाला एवढे टाके आणि मला हे इतकेच! यांनी शीर खरोखर काढली ना?"

थोरले हसले आणि म्हणाले, "काढली असेल रे. पण ती किती वर्षं टिकेल, ते विचारलंस का?"

शेतीचा आणि घराचा हिशेब आयुष्यभर पाहिलेल्या त्या गृहस्थांनी सहज विचारलेला हा प्रश्न जगभरच्या हृदयशल्यविशारदांना दीर्घकाळ छळीत आला आहे. पायाची शीर मुळात कमी दाबाचे रक्त वाहण्यासाठी असते. तिच्यावर एकाएकी धमनीचा दाब येतो. शिवाय काढताना तिला खेच, चिमटा किंवा उष्णता लागली, तर आतले नाजूक अस्तर दुखावते; त्या जागी रक्ताची गुठळी होते किंवा कालांतराने भिंत जाड होत जाते. पायावरची जखम सर्वांना दिसते. शिरेच्या आतील जखम कोणालाच दिसत नाही आणि हृदयाचे भवितव्य तर तिच्यावर अवलंबून असते.

अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दुर्बिणीच्या रीतीविषयी शंका निर्माण झाली. तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या अभ्यासात साधारण वर्ष-दीड वर्षाने केलेल्या तपासणीत, दुर्बिणीने शीर काढलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांत शिरेची जोडणी निकामी झालेली आढळली. उघड्या रीतीत हे प्रमाण ३८ टक्के होते. तीन वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा उपचार यांपैकी काही घडण्याचे प्रमाणही दुर्बिणीच्या गटात अधिक होते. मात्र हा अभ्यास मुळात शिरेवरील एका औषधासाठी योजलेला होता. कोणत्या रुग्णाला कोणती रीत, हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते. जो तो शल्यविशारद आपल्या सवयीप्रमाणे रीत निवडीत होता. असे दोन गट मुळात सारखे असतीलच, असे नाही. हिशेबतपासनीस आक्षेप नोंदवितो, तेवढ्याने ताळेबंद खोटा ठरत नाही. तरी त्या आक्षेपाला उत्तर द्यावेच लागते.

ते उत्तर २०१९ मध्ये मिळाले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या १६ हृदयशल्य केंद्रांत ११५० रुग्णांना चिठ्ठीने दोन गटांत विभागले होते. सरासरी पावणेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा उपचार यांचे एकत्रित प्रमाण उघड्या रीतीत १५.५ टक्के आणि दुर्बिणीच्या रीतीत १३.९ टक्के होते. म्हणजे भरवशाने सांगण्याजोगा फरक नव्हता. पायाच्या जखमेत जंतुसंसर्ग मात्र उघड्या रीतीत ३.१ टक्के, तर दुर्बिणीत १.४ टक्के होता. या निष्कर्षात एक अट अनुस्यूत आहे. त्या केंद्रांत दुर्बिणीने शीर काढणारे हात सरावलेले होते; शंभराहून अधिक वेळा हे काम केलेल्यांनाच त्यात घेतले होते. छाती उघडण्याचे काम चालू असतानाच पायाचे काम बहुधा दुसरी व्यक्ती करते, कित्येक ठिकाणी कनिष्ठ सहकारी. रुग्णाच्या घरच्यांना मुख्य शल्यविशारदांचे नाव पाठ असते. शीर कोण काढणार, हे त्यांना ठाऊकच नसते.

तिसरी रीत स्वीडनमधील अरेब्रू येथे डोमिंगोस सौझा यांनी १९९० च्या दशकात विकसित केली. तिचे तत्त्व एवढेच, की शिरेला हात लावायचा नाही. शीर एकटी न सोलता तिच्याभोवतीच्या चरबीच्या आवरणासह काढायची आणि एरवी गळती तपासण्यासाठी तिला जशी जोराने फुगवतात, तशी फुगवायची नाही. आवरण राहिल्याने शिरेच्या भिंतीला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या शाबूत राहतात आणि अस्तर दुखावत नाही. तेथील १६ वर्षांच्या पाठपुराव्यात अशा जोडण्यांपैकी ८३ टक्के चालू होत्या. नेहमीच्या रीतीने काढलेल्यांपैकी ६४ टक्के. रुग्णसंख्या लहान असली, तरी हे आकडे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. चीनमधील सात केंद्रांत २६५५ रुग्णांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही एका वर्षाने बंद पडलेल्या जोडण्यांचे प्रमाण या रीतीत ३.७ टक्के, तर नेहमीच्या रीतीत ६.५ टक्के होते. पुढे झालेल्या नऊशेवर रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी तिचे वर्चस्व निःसंशय सिद्ध झाले नाही. एका बाबतीत मात्र या दोन्ही चाचण्यांचे एकमत आहे: या रीतीत पायाचा त्रास अधिक होतो. उघडी चीर आणि वर चरबीचा थर काढलेला, मग पाय तक्रार करणारच.

अशा प्रकारे हा हृदयाच्या आणि पायाच्या खात्यांतील व्यवहार आहे. दुर्बीण पायाचा खर्च वाचविते, पण तिची भिस्त काढणाऱ्याच्या सरावावर असते. आवरणासह शीर काढण्याची रीत दूरच्या वर्षांसाठी ठेव ठेवते, पण आरंभीचा हप्ता पायाकडून वसूल करते. पंचावन्न वर्षांच्या, पाय धडधाकट असलेल्या रुग्णाला वीस वर्षांचा विचार करणे योग्य आहे. पंचाहत्तरीच्या, मधुमेही आणि सुजऱ्या पायांच्या रुग्णाला मात्र जखम लवकर भरून येणे हाच मोठा लाभ असू शकतो. सर्वांना एकच रीत श्रेष्ठ, असे म्हणता येत नाही. रुग्णालयात कोणती सोय व कोणता सराव आहे, यालाही मर्यादा असते.

निर्णय शल्यविशारदांचाच, परंतु प्रश्न विचारण्याचा अधिकार कुटुंबाला आहे. शीर कोणत्या रीतीने काढणार, कोण काढणार, त्या व्यक्तीचा सराव किती, हे नम्रपणे विचारावे. पायाच्या शिरा फुगलेल्या असल्या किंवा त्यांवर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असली, तर ते आधीच सांगावे, कारण तशी शीर उपयोगाची नसू शकते. सोनोग्राफीने शिरांची पाहणी आधी होणार का, हेही विचारता येते. घरी आल्यावर बसताना पाय उंचावर ठेवणे, सांगितल्याप्रमाणे थोडे थोडे चालणे, रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे आणि जखम लाल होऊन गरम लागली, तीतून पू आला किंवा ताप भरला तर तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक आहे. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तरीही थांबू नये. तंबाखू कायमची सोडणे, रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची औषधे डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद न करणे, यांवर त्या शिरेचे पुढील आयुष्य अवलंबून असते. कोणत्याही रीतीने काढलेली शीर निष्काळजीपणे सांभाळली, तर फार काळ साथ देत नाही.

सांगलीच्या त्या धाकट्या भावांनी पुढच्या तपासणीच्या वेळी थोरल्यांचा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी वर्षांची हमी दिली नाही. शीर काढण्याच्या तिन्ही रीती मात्र कागदावर आकृती काढून समजावून दिल्या. शेवटी ते म्हणाले, "हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारणारे फार थोडे भेटतात." घरी येऊन त्यांनी तो कागद औषधांच्या फाइलीत लावून ठेवला. काही महिन्यांनी शेजारच्या गृहस्थांना बायपास सांगितली गेली, तेव्हा तो कागद त्यांच्या मुलाने मागून नेला.