एक प्रश्न, आठ महिन्यांनी

झरी जामणीहून पांढरकवडा, तिथून नागपूर. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाल्यावर ही वाट मी कितीदा केली, ते माझ्या फाईललाच ठाऊक. बाहेरून शेक झाला, आतून शेक झाला. भूक, झोप, रक्त, लघवी, सगळ्याची विचारपूस झाली. अल्लाहच्या कृपेने गाठ गेली.

घरी आल्यावर एकदा हे जवळ आले, तेव्हा मला इतके दुखले की रडू फुटले. त्यानंतर हे ओसरीत झोपू लागले. मला वाटले, यांना माझी किळस आली. अम्मीला सांगायची लाज, डॉक्टरांना विचारायची त्याहून जास्त. आठ महिने असेच गेले.

मग एका तपासणीला नवीन सिस्टरने पडदा ओढला आणि हळूच म्हणाली, "ताई, शेक घेतलेल्या बऱ्याच बायकांना नवऱ्याजवळ जाताना त्रास होतो. तुम्हाला होतो का?" मी मान हलवली, आणि मग बोलतच राहिले.

शेकामुळे योनीमार्ग कोरडा पडतो, आकसतो. त्यासाठी पाण्यात विरघळणारी जेली असते, मार्ग मोकळा ठेवायला डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी असते. ती कशी वापरायची, हे डॉक्टरीणबाईंनी समजावले. यांनाही आत बोलावले. जवळ आल्याने कॅन्सर परत येत नाही, नवऱ्यालाही लागत नाही, हे ऐकून यांना भरून आले. "माझ्यामुळे हिला पुन्हा होईल, असं वाटायचं," म्हणाले. किळस नव्हतीच, भीती होती.

सिस्टरला हे प्रशिक्षणात शिकवले होते. जॅक ॲनन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये चार पायऱ्या मांडल्या: आधी रुग्णाला बोलायची मोकळीक द्यायची, मग थोडी माहिती, मग नेमका सल्ला, आणि गरज पडली तर तज्ज्ञाकडे पाठवायचे. पहिल्या पायरीला औषध लागत नाही, एक प्रश्न पुरतो. २०१९ पासून आपल्याकडे एमबीबीएसच्या मुलांना रुग्णाशी बोलायचे शिक्षण मिळते. त्यात हा प्रश्नही शिकवला जावा.

हया म्हणजे दुखणे लपवणे नव्हे. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी स्त्रीच्या गुस्लचा नाजूक प्रश्न थेट पैगंबरांना (स.) विचारला होता, आणि त्यांना उत्तर मिळाले होते.

म्हणून बहिणींनो, डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही विचारा. आणि भावांनो, तपासणीला बाहेरच्या बाकावर बसून राहू नका, सोबत आत जा.