उजवं पुढचं

"गाडी घुमतेय रे," असं आण्णा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी लक्षच दिलं नाही. खिडक्या बंद होत्या, गाणी लावलेली होती आणि मी पुढच्या ट्रकला ओलांडायच्या बेतात होतो. ज्या माणसाला जेवायला तीनदा हाक मारावी लागते, त्याला गाडीतला बारीकसा आवाज ऐकू येतो यावर कोण विश्वास ठेवणार?

गाडी म्हणजे 2003 ची मारुती 800. आण्णा साखर कारखान्यात फिटर होते. नोकरीची शेवटची चार वर्षं उरली असताना त्यांनी ती घेतली. सातशे शहाण्णव सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, बारा इंची चाकं. शेजारच्यांच्या गाड्या दोनदा-तीनदा बदलल्या, आमची तीच राहिली. 2018 मध्ये पंधरा वर्षं झाली म्हणून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली होती. ती मुदत 2023 मध्ये संपत होती आणि एप्रिल 2022 पासून या कामाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेलेली होती. मला निमित्तच मिळालं. गाडी काढून टाकू, असं मी घरात जाहीर केलं.

खरं कारण फी हे नव्हतंच. त्या उन्हाळ्यात साताऱ्यात घराच्या बोळातून गाडी मागे घेताना एक शाळकरी मुलगी सायकलवरून मागून आली. तिने घंटी वाजवली, पुन्हा वाजवली. आण्णांना ती ऐकूच आली नाही. तिने वेळेत पाय टेकवले म्हणून काही झालं नाही. आण्णा त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. चाव्या काढून घ्यायच्या, पण तसं तोंडावर सांगायचं नाही, म्हणून गाडीच विकायची, असा माझा हिशेब होता. त्यात हे 'घुमणं' आलं. म्हातारपणी माणसाला काहीबाही वाटतं, अशी मी मनातल्या मनात नोंद केली.

तरी एकदा समाधानासाठी म्हणून पुण्यात गाडी गॅरेजला दाखवली. टायर एकसारखे झिजलेले नाहीत, म्हणून आवाज येतो, असं तिथे सांगितलं. हे अगदीच खोटं नसतं. वेडावाकडा झिजलेला टायर हुबेहूब खराब बेअरिंगसारखा घुमतो. पुढचे दोन्ही टायर नवे टाकले. आण्णा गाडीत बसले, चौकापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "टायर झाले, आता आवाजाचं बघ."

दुसऱ्या दिवशी त्यांची कानांची तपासणी होती. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बाहेर आल्यावर हाती एक आलेख पडला. डावीकडे खर्जातले आवाज, उजवीकडे टिपेचे. डावीकडे आण्णांची रेघ जवळजवळ निरोगी माणसासारखी होती. मधल्या घरांपासून ती उतरू लागली आणि उजवीकडे कड्यावरून पडावी तशी कोसळली. वयाने आणि कारखान्यातल्या गोंगाटाने असंच होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. बोलण्यातले स, श, फ असे व्यंजनांचे उच्चार हरवतात, स्वर राहतात. त्यामुळे कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय हे कळत नाही. सायकलची घंटी उजवीकडच्या भागातली. "आणि खालचे आवाज?" मी विचारलं. "ते तुमच्याइतकेच येतात," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या वाटेवर तो आलेख मागच्या सीटवर होता आणि मी गाणी लावली नव्हती. शिरवळच्या आसपास रस्ता सपाट आणि मोकळा लागला, तशी मी खिडकी खाली केली. साठच्या वेगाला खालून एक घरघर येत होती, लांबून जाणाऱ्या विमानासारखी. ती कधी सुरू झाली असेल कोण जाणे. मला ती रस्त्याचीच वाटत आली होती.

"न्यूट्रल कर," आण्णा म्हणाले.

मागे कोणी नाही हे बघून मी क्लच दाबला आणि गिअर काढला. इंजिन खाली आलं, घरघर होती तशीच राहिली. म्हणजे इंजिन नाही. गिअरबॉक्स आतून ओरडत असता तर आवाज थोडा तरी बदलायला हवा होता. जे वेगाबरोबर वाढतं आणि इंजिनाला जुमानत नाही, ते चाकापाशी असतं. पुढे डांबरी रस्ता संपून काँक्रीट लागलं, तेव्हा टायरचा सूर बदलला. त्याखालची घरघर मात्र तीच होती.

खंबाटकी घाटात आण्णा डोळे मिटून बसले होते. एका हाताचा पंजा दरवाजाच्या खालच्या भागाला टेकवलेला. वळणं येत गेली. डावीकडच्या वळणावर घरघर जाड व्हायची, उजवीकडच्या वळणावर विरायची. घाटमाथ्यावर ते म्हणाले, "उजवं पुढचं." गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो आणि दुखरं बेअरिंग भार पडला की कण्हतं, एवढं साधं गणित. पस्तीस वर्षं ते कारखान्यात हेच करत आले होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि मशीन बंद न करता आत काय चाललंय ते ऐकायचं. ज्या कामाने कान घेतले, त्याच कामाने हे शिकवलं होतं.

साताऱ्यात आमच्या मिस्त्रींनी जॅक लावला. चाक वर-खाली धरून हलवलं, ढिलं लागलं नाही. "प्ले नाही आण्णा," ते म्हणाले. आण्णा खाली बसले, चाकामागच्या स्प्रिंगवर बोटं ठेवली आणि मला म्हणाले, "फिरव." मी चाक फिरवलं. त्यांनी माझा हात ओढून स्प्रिंगवर ठेवला. बारीक वाळू भरडल्यासारखं काहीतरी बोटांना लागलं. मग डाव्या चाकाच्या स्प्रिंगवर हात ठेवला. तिथे काहीच नव्हतं.

बेअरिंग दाबून काढल्यावर त्याच्या कडीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले. साठच्या वेगात आमचं चाक सेकंदाला दहा-एक फेऱ्या घेतं. प्रत्येक फेरीत त्या खड्ड्यांवरून चार-पाच गोळ्या जाणार, म्हणजे सेकंदाला चाळीस-पन्नास ठोके. अगदी खर्जातला आवाज. आलेखाच्या त्या डाव्या कोपऱ्यातला, जिथे आण्णांची रेघ धड होती.

आणखी एक आवाज होता आणि तो फक्त मला येत होता. बोळात शिरताना स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं की पुढून कटकट-कटकट असं वाजायचं. मी ते मिस्त्रींना सांगितलं. आण्णा म्हणाले, "कुठे काय वाजतंय?" मिस्त्रींनी त्याच चाकाच्या आत बॅटरी मारली. एक्सलच्या जोडाचं रबरी बूट फाटलं होतं आणि रिमच्या आतून ग्रीसचे फराटे उडाले होते. पुढच्या चाकाला फिरायचंही असतं आणि वळायचंही असतं, म्हणून तिथे सहा गोळ्यांचा जोड असतो. बूट फाटलं की ग्रीस बाहेर आणि धूळपाणी आत. गोळ्यांच्या खाचा झिजतात आणि पूर्ण वळणावर त्या बोलू लागतात. आणखी काही महिन्यांनी तो जोड कदाचित घाटातच सुटला असता. तोही बदलला. सगळं मिळून साडेतीन हजार रुपये झाले.

घरी येताना गाडी इतकी शांत होती की मला बोलणं भाग पडलं. "आण्णा, बेअरिंगचं तुमचं बरोबर होतं. मी ऐकायला हवं होतं." ते काही बोलले नाहीत. "पण त्या मुलीने घंटी दोनदा वाजवली होती." हे मी हळू आवाजात बोललो असेन, तरी ते त्यांना कळलं. बराच वेळ ते समोर बघत राहिले. मग म्हणाले, "कटकट मला खरंच आली नाही." बेअरिंग ओळखता आलं म्हणून घंटी ऐकू येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. फक्त आता ते बोलता येत होतं.

नोंदणी वाढवून घेतली. चाव्या त्यांच्याकडेच आहेत, पण मशीन कानात असेल तरच गाडी काढायची आणि अंधार पडल्यावर काढायचीच नाही, असं ठरलं. मशीनला त्यांनी दोन वर्षं नकार दिला होता. यावेळी कुरकुर करत का होईना, ते लावून घेतलं.

पहिल्या दिवशी मी शेजारी बसलो. पोवई नाक्याकडे वळायला आण्णांनी दांडी खाली केली आणि लगेच गाडी बाजूला घेतली. कपाळाला आठ्या.

"आता हे काय नवीन वाजायला लागलं?"

मी कान दिला. इंडिकेटर होता. वीस वर्षं तो तसाच वाजत होता.