मिठाचे दोन अर्धे

मे महिन्यात कन्हान नदी वाळूच्या एका कडेला सरकते. सातपुड्यातून उतरलेली, बिना संगमावर पेंच आणि कोलारला पोटात घेतलेली ही गोड्या पाण्याची नदी. नागपूरची काही तहान तिच्यावर. मीठ इथे येतं ते गोण्यांतून, कारखान्यातल्या बॉयलरशेजारच्या सॉफ्टनरसाठी. गोणी टाकीत रिकामी होताना उभं राहून बघायला मला आवडतं.

सॉफ्टनरच्या आत रेझिनचे पिवळसर दाणे, मिलिमीटरभराचेही नसतील. जड पाण्यातलं कॅल्शियम ते धरतात. धरून धरून भरले की मिठाचं पाणी सोडायचं. सोडियमची एवढी गर्दी होते की दाण्यांना कॅल्शियम सोडावंच लागतं.

झारखंडात जादुगुड्याला १९६८पासून असेच दाणे युरेनियम वेचतात. दळलेला खडक गंधकाम्लात मुरवला की युरेनियम सल्फेटला बिलगून ऋणभारित होतं आणि धनभारित रेझिनवर जाऊन बसतं. ते उतरवायला पुन्हा मीठच! फक्त इथे काम क्लोराइडचं. मिठाचा एक अर्धा आमच्याकडे बॉयलरपाशी राबतो, दुसरा तिकडे.

पण द्रावण मुळातच खारट असलं तर? उतरवणारा आधीच येऊन बसलेला. युरेनियम चढणार कुठे? पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर भरलेली असून ओलित होत नाही, तशातली गत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका खाणीचं भूजल असंच खारं. खाणीचं नाव हनिमून! (नाव ठेवणाऱ्याने ते पाणी चाखलं नसावं.) तिथे आधी रेझिन टाळून विद्रावकाने युरेनियम काढत. २०२४मध्ये खाण पुन्हा सुरू झाली ती मात्र रेझिन घेऊन.

कारण रेझिनच्याही जाती असतात. काही नुसत्या विद्युतभाराच्या ओढीवर विसंबत नाहीत. त्यांच्या अंगावरचे फॉस्फरसचे गट युरेनियमला थेट बांधून घेतात, भोवती क्लोराइड कितीही असो. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी तर अशाच बांधून घेणाऱ्या, पण वेगळ्या गटांचे पत्रे समुद्रात सोडून पाहिले. तिथे एका ग्रॅम युरेनियमसाठी सुमारे ३ लाख लिटर पाणी लागतं. मला हा हट्ट फार आवडतो, हिशेबात बसो न बसो.

एवढ्या घट्ट पकडीचा जाच पुढे होतोच. रेझिनवर बसलेलं युरेनियम मग मिठाने हलत नाही. तिथे धुण्याच्या सोड्याचं द्रावण लागतं, आणि मिठाची गोणी तशीच राहते.