पनवेलहून लडाखला, व्हाया धोदाणी

पनवेल हे थांबायचं गाव नाही, गाडी बदलायचं गाव आहे. हार्बर लाइन इथे संपते. कोकणातल्या गाड्या इथे दोन मिनिटं श्वास घेतात. पुण्याचा एक्सप्रेसवे शेजारच्या कळंबोलीतून सुटतो, गोवा हायवे पळस्पे फाट्यावरून. सगळे इथून कुठे ना कुठे चाललेले असतात. त्यामुळे मी खारदुंग ला चॅलेंजची तयारी पनवेलात राहूनच करतेय, असं बेलापूरच्या ऑफिसात सांगितलं तेव्हा पहिली कमेंट आली, 'पनवेलात चढ कुठला? फ्लायओव्हर?'

हसून घ्या. मग सांगते.

आधी ही रेस काय प्रकार आहे ते. ऑगस्ट २०१० मध्ये लेहमध्ये ढगफुटी झाली, त्यातून गाव सावरत असताना २०१२ मध्ये तिथे लडाख मॅरेथॉन सुरू झाली. तिचंच एक अंग म्हणजे ७२ किलोमीटरची खारदुंग ला चॅलेंज. खारदुंग गावातून, ३,९७५ मीटर उंचीवरून, पहाटे तीनला सुरुवात. पहिले ३२ किलोमीटर चढ, थेट ५,३७० मीटरवरच्या खिंडीपर्यंत. मग ४० किलोमीटर उतार, लेहच्या बाजारापर्यंत. वेळ चौदा तास. अंतराचा अंदाज हवा असेल तर कळंबोलीहून एक्सप्रेसवेवर पळत सुटा, तळेगावच्या अलीकडे कुठेतरी ७२ पूर्ण होतील. तेवढ्याने भागत नसेल तर १२२ किलोमीटरची सिल्क रूट अल्ट्रापण आहे. मी अजून तेवढी कामातून गेलेली नाही!

पैसे भरले, टी-शर्ट घेतला आणि पळालो, असं इथे चालत नाही. आधी लांब पल्ल्याचं काय पळालात ते दाखवावं लागतं, टायमिंगसकट. म्हणजे पायरी पायरीने जायचं. माझी पहिली पायरी दहा किलोमीटर, सगळ्यांची असते तशीच. मग सातारा हिल हाफ मॅरेथॉन. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि परत फिरायचं, २१ किलोमीटर. 'घाट' हा शब्द आपण गाडीत बसून वापरतो, त्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. मग जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो. एरवी टॅक्सीत बसून तो जाणवतसुद्धा नाही. मी चार तास वीस मिनिटांत संपवली आणि ते सर्टिफिकेट जपून ठेवलं. एंट्री मिळाली ती या कागदांवर.

पण कागदावर पात्र ठरणं वेगळं आणि फुफ्फुसांनी पात्र ठरणं वेगळं. पनवेल समुद्राला लागून. खारदुंग ला ५,३७० मीटरवर. हवेतला ऑक्सिजनचा वाटा दोन्हीकडे सारखाच, साधारण २१ टक्के. पण वर हवेचा दाबच निम्म्याच्या आसपास असल्यामुळे एका श्वासात आत जाणारा ऑक्सिजनही जेमतेम निम्मा. याची प्रॅक्टिस पनवेलात होऊ शकत नाही, पॉइंट. जिममध्ये तोंडाला काळा मास्क लावून ट्रेडमिलवर पळणारे वीर तुम्ही पाहिले असतील. त्या मास्कने श्वास घ्यायला जोर लागतो, श्वासाचे स्नायू थोडे दमतात, पण आतली हवा पनवेलचीच राहते. आणि फिट माणसाला उंचीचा त्रास होत नाही, हाही गैरसमजच. उलट फिट माणूस पहिल्याच दिवशी जोरात धावतो आणि रात्री डोकं धरून बसतो.

वर सव्वादोन, खाली तीन

मग पनवेलात होतं काय? चढ होतो, उतार होतो, आणि तासन् तास पायांवर राहणं होतं.

खारदुंगचा चढ म्हणजे ३२ किलोमीटरमध्ये साधारण १,४०० मीटर. उतार १,८७० च्या आसपास. आता पनवेल स्टँडवरून एसटी पकडा आणि धोदाणीला उतरा. तिथून पायवाटेने माथेरानच्या सनसेट पॉइंटपर्यंत सहाशे मीटरच्या आसपास चढाई आहे. म्हणजे लडाखचा चढ म्हणजे सव्वादोन धोदाणी आणि उतार म्हणजे तीन. हा हिशोब मी ऑफिसच्या एक्सेलमध्ये मांडला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की जमेल. धोदाणीची वाट लडाखच्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त खडी आहे. चढ हा तिथला प्रश्नच नाही, प्रश्न हवेचा.

आणि उताराला कमी लेखू नका. चढताना दम जातो, उतरताना मांड्या जातात. ४० किलोमीटर उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ब्रेक लावतो. त्याची सवय उतरूनच होते. म्हणून मी दोन फेऱ्या मारते, वर-खाली, वर-खाली. प्रबळगडही करते, ठाकूरवाडीवरून. पण शनिवार-रविवारी कलावंतीणला सेल्फीची एवढी गर्दी असते की पळणं सोडा, चालायला नंबर लावावा लागतो.

धोदाणीच्या वाटेवर मला खरी कोच भेटली. माथेरानात खासगी मोटारींना बंदी, त्यामुळे पायथ्याच्या वाड्यांमधली माणसं भाजी, फळं डोक्यावर घेऊन वर विकायला जातात. एक मावशी पाटी घेऊन चढत होत्या. मी धावत पुढे गेले, धापा टाकत थांबले. त्या आल्या, न थांबता पुढे गेल्या. मी पुन्हा धावले, पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, 'पोरी, थांबायचं नसंल तर धावू नको.' वर पोचल्यावर घड्याळ बघितलं. त्या माझ्याआधी पाच मिनिटं पोचल्या होत्या आणि पाटी उतरवून त्यांचा भाव सांगणंही सुरू झालं होतं.

मग मी घड्याळातला वेगाचा आकडा बघणं सोडलं आणि एकच नियम ठेवला. तोंड मिटून, नाकाने श्वास घेत जेवढ्या वेगाने चढता येईल, तेवढाच वेग. ७२ किलोमीटर चौदा तासांत म्हणजे ताशी सव्वापाचच्याही आत. सपाटीवर ही झपाझप चाल झाली. खारदुंगला वरच्या टप्प्यात अनेक जण चालतातच. न थांबता चालणं ही तिथली कमाई.

पावसाळ्यात मात्र हे डोंगर जिम नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच पट्ट्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. तेव्हापासून अलर्ट असला की मी डोंगराकडे फिरकत नाही. प्रशासनाची बंदीही असते आणि ती पाळायची असते. मग खारघर हिलचा डांबरी रस्ता, तोही बंद असेल तर सोसायटीचे सात मजले, वीस वेळा. वॉचमन काकांना वाटतं लिफ्ट बिघडलीय.

मे महिन्यातला पनवेलचा घामही अगदी वाया जात नाही. उकाड्यात नियमित पळालं की रक्तातला पाण्याचा भाग, प्लाझ्मा, वाढतो. एरवी त्याने पळणं सोपं होतं. पण उंचीवर शरीर सुरुवातीला तेच पाणी कमी करतं, त्यामुळे या घामाच्या भरवशावर मी खिंडीत जाणार नाही.

खरी क्वालिफाइंग

उंचीवर एकच गोष्ट चालते, दिवस. लेह ३,५०० मीटरवर. तिथे उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. मग हळूहळू शरीर श्वासाचा वेग वाढवतं, मूत्रपिंडं रक्ताचा समतोल सांभाळतात. नव्या लाल पेशी भरपूर व्हायला तर आठवडे लागतात. म्हणून ७२ किलोमीटरवाल्यांना रेसच्या बरंच आधी लेहमध्ये यायला सांगतात, मेडिकल तपासणी होते. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर वर जायचं नाही. वाढलं तर खाली यायचं. गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून.

म्हणजे लागते काय? रजा. सलग चौदा दिवस. आणि रेस सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आगेमागे. ज्याचं गाव कोकणात आहे त्याला वेगळं सांगायला नको. त्या दिवसांत अख्खं पनवेल गोवा हायवेवर उभं असतं, आणि आमच्या घरातून वर्षातली हक्काची रजा त्याच चार दिवसांसाठी राखलेली असते. आईने ऐकलं आणि म्हणाली, 'बाप्पा घरी येणार, आणि तू बर्फात?' बाबा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. आजीचं वय ऐंशीच्या पुढे. पुढच्या वर्षी जाईन, असं मी गेल्या वर्षीही म्हटलं होतं.

ऑफिसात टीम लीडनी विचारलं, 'सात दिवसांत नाही होणार?' मी त्यांना हवेच्या दाबाचा तक्ता दाखवला. ते म्हणाले, 'तुम्ही हे प्रेझेंटेशन क्लायंटला का नाही करत?'

रजा मंजूर झाली. बदल्यात दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी ऑफिसात, असं माझं काम सांभाळणाऱ्या दोघांना लिहून दिलंय. आईशी अजून बोलणी चालू आहेत. सध्या गाडी 'आजीला आधी स्वतः जाऊन सांग' इथपर्यंत आलीय, म्हणून पुढचा रविवार गावी.

त्याआधी शनिवारी धोदाणी, दोन फेऱ्या. यायचं असेल तर पहाटे पनवेल स्टँडवर भेटा. दोन लिटर पाणी आणा, आणि हेडफोन घरी ठेवा, मावशी मागून आल्या तर वाट द्यावी लागते. परतताना पळस्प्याला वाकडी वाट करून कोथिंबीर वडी, ती माझ्याकडून.