आधी कॉल शीट, मग कॅमेरा

तीन महिन्यांत दिग्दर्शन शिकून होतं का? माझ्या वर्गाची चौकशी करायला येणारी मुलं हे विचारतात आणि त्यांचे आईवडील तर हमखास विचारतात. बरीच वर्षं सेटवर सहायक दिग्दर्शक म्हणून काम केल्यावर मी आता अल्पमुदतीच्या वर्गांत दिग्दर्शन आणि निर्मिती हे दोन्ही विषय शिकवतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. तीन महिन्यांत निर्मितीची शिस्त अंगी बाणू शकते आणि दिग्दर्शनाचं व्याकरण कळू शकतं. दिग्दर्शक होणं मात्र तुम्ही वर्गात येताना काय घेऊन आलात आणि वर्ग संपल्यावर काय करता, यावर ठरतं. बहुतेक विद्यार्थी दिग्दर्शनासाठी नाव घालतात आणि निर्मितीचे तास नाइलाजाने बसून काढतात. हे उलट व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

या वर्गांची गरज कोणाला आहे, ते आधी पाहू. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला दिग्दर्शनाचा पूर्ण अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यासाठी पदवी लागते, प्रवेश परीक्षा असते, जागा मोजक्या असतात. परभणीत शिक्षकाची नोकरी करणारा, चिपळूणमध्ये घरचं दुकान सांभाळणारी किंवा तिशी ओलांडलेला माणूस तीन वर्षं सगळं सोडून कसा येणार? संस्थेने ही अडचण ओळखली आणि 2017 पासून ‘स्किफ्ट’ या उपक्रमातून देशातल्या वेगवेगळ्या शहरांत छोटे अभ्यासक्रम न्यायला सुरुवात केली. सिनेमा कसा पाहावा हे शिकवणारं तिचं चित्रपट रसास्वाद शिबिर तर त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. चित्रपट संग्रहालयाच्या मदतीने सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांनी ते रुजवलं. तेव्हा अल्पमुदतीचं शिक्षण म्हणजे दुय्यम शिक्षण, असं मी मानत नाही. त्याच्याकडून काय मागायचं, एवढं नेमकं कळलं पाहिजे.

ते कळण्यासाठी दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. भारतीय सिनेमाचा पाया घालणाऱ्या या माणसाचं सिनेमाचं रीतसर शिक्षण काही दिवसांचंच होतं. फेब्रुवारी 1912 मध्ये ते लंडनला निघाले आणि एप्रिलमध्ये परत आले. त्या अवधीतले बरेच दिवस बोटीवरच गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने ते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत गेले आणि तिथे काम कसं चालतं ते पाहून घेतलं. विल्यम्सन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र विकत घेतलं. ते शिकून आले ते तंत्र. बाकीचं त्यांनी आधीच कमावलेलं होतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथलं चित्रकलेचं शिक्षण, छायाचित्रण, शिळाछाप, रंगीत छपाई, जादूचे प्रयोग. अनेक वर्षांच्या या तयारीवर लंडनचे ते दिवस चढले, म्हणून त्यांना फळ आलं.

पुढची गोष्ट त्याहून शिकण्यासारखी आहे. परत आल्यावर त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा छोटासा चित्रपट केला. भांडवल देऊ शकणाऱ्यांना तो दाखवला आणि मगच ‘राजा हरिश्चंद्र’ हातात घेतला. तो 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. मधल्या वर्षभरात फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, चित्रपटात काम करणाऱ्या सगळ्यांच्या जेवणाची जबाबदारी घेतली आणि अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडली. भांडवल, जेवणखाण आणि कच्चा माल या निर्मितीच्या तिन्ही खात्यांना त्यांनी हातभार लावला. आपल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाचं नाव घेताना त्याची निर्मिती तोलून धरणाऱ्या या बाईचं नावही घ्यायला हवं.

फाळक्यांनंतरची पिढी उमेदवारीतून शिकली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर तयार झाले आणि 1929 मध्ये त्यांनी सीताराम कुलकर्णींसह ‘प्रभात’ काढली. ज्याला दिग्दर्शन करायचं त्याला सामान उचलणं, पडदे रंगवणं, प्रयोगशाळेत फिल्म धुणं, यातलं काहीच चुकत नसे. पुढे स्टुडिओंची व्यवस्था मोडली आणि 1960 मध्ये ‘प्रभात’च्याच पुण्यातल्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. कारखान्याच्या जागी शाळा आली. आजच्या छोट्या वर्गाला ना कारखान्याची लांबलचक उमेदवारी मिळते, ना शाळेची तीन वर्षं. म्हणून त्याने या दोहोंतलं सर्वांत उपयोगी तेवढं उचलावं, आणि माझ्या मते ते म्हणजे निर्मितीची शिस्त.

माझ्या वर्गात कॅमेऱ्याला हात लावण्याआधी प्रत्येकाने दोन पानी पटकथेचं ब्रेकडाउन करायचं असतं. एसटी स्टँडवर बाप मुलीला निरोप देतो, एवढाच प्रसंग. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, आणि पानाचे आठ भाग करून प्रसंग मोजायचा, ही जगभरची पद्धत. मग तक्ता भरायचा. माणसं किती, गर्दी किती, सामानात काय, कपडे कोणते, दिवस की रात्र, आवाज कुठले. गाडी खरी हवी की तिची फक्त खिडकी चालेल? मुलीच्या हातातली पिशवी पुढच्या प्रसंगातही आहे का? असेल तर ती कंटिन्यूइटीच्या वहीत गेलीच पाहिजे. यातून शेड्यूल निघतं, शेड्यूलवरून बजेट आणि आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या हातात पडणारी कॉल शीट. कोणी किती वाजता कुठे हजर राहायचं, पहिला शॉट कुठला, जेवण कधी, जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे सगळं तिच्यावर असतं.

तंत्रातल्या साध्या गोष्टीही इथेच पक्क्या होतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. मोबाइल सेकंदाला 30 फ्रेमवर ठेवून ट्यूबलाइटखाली शूट केलं, तर चित्र लुकलुकण्याचा धोका असतो. 25 फ्रेम आणि शटर एक पन्नासांश ठेवलं की तो टळतो. प्रत्येक जागा सोडण्याआधी सगळ्यांनी गप्प उभं राहून तिथली नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करायची. एडिटिंगच्या टेबलावर संवादांमधली भगदाडं तिनेच बुजतात. दोन पात्रांमधली काल्पनिक रेषा ओलांडली तर कोण कोणाकडे पाहतंय ते प्रेक्षकाला कळेनासं होतं. एवढं शिकायला तीन वर्षं लागत नाहीत. नीट शिकवणारा भेटला आणि करून पाहायची संधी मिळाली की तीन महिने पुरतात.

निर्मितीला कायद्याचीही बाजू आहे आणि ती जाणूनच घ्यावी लागते. चौदा वर्षांखालच्या मुलाला घेऊन व्यावसायिक चित्रीकरण करायचं तर जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाकडून दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम घेता येत नाही. त्याच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत जावा लागतो. सिनेमात घोडा किंवा कुत्रा काम करणार असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी हवी. चहाच्या टपरीवर रेडिओत वाजणारं जुनं गाणंही हक्क घेतल्याशिवाय वापरता येत नाही. ही माहिती पहिल्या दिवसापासून असणारा विद्यार्थी पटकथाच वेगळी लिहितो.

इथेच निर्मिती आणि दिग्दर्शन एकमेकांत मिसळतात. बापलेकीच्या त्या प्रसंगासाठी मुलं कागदावर चौदा-पंधरा शॉट काढतात. उतरत्या उन्हात हातात दीड तास आहे, असं मी सांगतो. मग कुठले पाच ठेवणार? बापाचा चेहरा, की सुटणाऱ्या गाडीमागे दोन पावलं चालून थांबणारे त्याचे पाय? ही निवड करताना प्रसंगाचं मर्म कशात आहे ते विद्यार्थ्याला स्वतःशी ठरवावं लागतं. त्या क्षणी तो दिग्दर्शन करत असतो. अमर्याद वेळ आणि पैसा मिळाला असता तर हा प्रश्न त्याला पडलाच नसता.

कुठलाही छोटा वर्ग देऊ शकत नाही अशाही गोष्टी आहेत. नटाशी बोलायची रीत, माणसं वाचायची सवय, स्वतःचा अनुभव आणि त्याबद्दल काही म्हणणं. चैतन्य ताम्हाणे कुठल्याही फिल्म स्कूलमध्ये शिकलेले नाहीत, तरी त्यांच्या ‘कोर्ट’ने 2014 मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळवला. पुढे त्यांनी आल्फॉन्सो क्वारोन यांच्या ‘रोमा’च्या सेटवर राहून काम पाहिलं आणि 2020 मध्ये ‘द डिसायपल’ला व्हेनिसमध्येच पटकथेचा पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांनीही ‘फँड्री’च्या आधी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. हे मोठे दाखले आहेत, पण त्यातली वाट सगळ्यांना खुली आहे. भरपूर पाहायचं, भरपूर वाचायचं, चांगलं काम करणाऱ्याच्या जवळ राहायचं आणि लहान काम पुरं करून दाखवायचं.

वर्ग निवडताना पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी काही प्रश्न बेधडक विचारावेत. एका कॅमेऱ्यामागे किती विद्यार्थी असतात? प्रत्येकाला स्वतःचा लघुपट करायला मिळतो, की पंचवीस जणांत मिळून एक? शिकवणारे अजून सेटवर काम करतात का? एडिटिंग आणि आवाजाला किती दिवस दिलेत? केलेल्या फिल्मचे हक्क कोणाकडे राहतात? मागच्या तुकडीच्या फिल्म पाहायला मागा आणि शेवटपर्यंत पाहा. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीपासून लांब राहा. या धंद्यात प्रमाणपत्र पाहून कोणी काम देत नाही. वेळेवर येणारा, नीट नोंदी ठेवणारा आणि ताणातही सगळ्यांशी सभ्यपणे वागणारा असिस्टंट मात्र पुढच्या सिनेमाला पुन्हा बोलावला जातो.

ज्यांचा असा वर्ग नुकताच संपला असेल किंवा संपत आला असेल, त्यांना एवढंच सांगेन. पुढच्या कोर्सची फी भरण्याआधी पाच मिनिटांचा एक लघुपट पुरा करा. आपल्या गावातला, आपल्या ओळखीच्या माणसांचा, मोबाइलवर केला तरी चालेल. त्याची कॉल शीट स्वतः बनवा, युनिटला वेळेवर जेवू घाला, ठरलेले पैसे ठरल्या दिवशी द्या आणि श्रेयनामावलीत प्रत्येकाचं नाव अचूक लिहा. दुसरा सिनेमा करायला निघाल तेव्हा हीच माणसं तुमच्याबरोबर येतील.