आठ आणि नऊ तारखेचा गुंता

आमच्या पतसंस्थेच्या नऊ शाखांची रोजची कीर्द संध्याकाळी साध्या मजकुराच्या फाइलींच्या रूपाने मुख्य कचेरीत येत असे, आणि त्या फाइलींतून तारीख व शिल्लक वेचून, आदल्या दिवसाच्या अखेरच्या शिलकेशी मुकाबला करून, सर्व शाखांची तेरीज मांडण्याचे काम दोन कारकून रात्री साडेआठपर्यंत बसून करीत. २०११ साली ते काम मी एका शेल स्क्रिप्टवर सोपविले. ‘ग्रेप’ने हवी ती ओळ शोधावी, ‘कट’ने तिचे तुकडे पाडून त्यातला अंक उचलावा आणि बॅश या शेलने बेरीज-वजाबाकी करावी, एवढाच तिचा व्याप. महिन्याच्या बारा तारखेला मी ती चालू केली, आणि पुढले पंचवीस-सव्वीस दिवस ती इतकी बिनतक्रार चालली की मला तिचा थोडा गर्वच वाटू लागला.

पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला नऊही शाखांची आरंभीची शिल्लक शून्य निघाली. नऊ तारखेलाही तेच. दहा तारखेला, मी एका अक्षराचीही दुरुस्ती केलेली नसताना, सारे पूर्ववत सुरळीत झाले. आपोआप बऱ्या झालेल्या दुखण्याची कोणी चौकशी करीत नाही. मीही केली नाही. त्यापुढच्या आठ तारखेला मात्र आमचे मुख्य हिशेबनीस कागद हातात घेऊनच माझ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “अहो, तुमचे यंत्र अष्टमी-नवमी पाळते की काय?”

सात आणि आठ तारखेच्या फाइली शेजारी ठेवून मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. आकड्यांपलीकडे काही फरक दिसेना. तारखेतून एक वजा करून आदल्या दिवसाची फाइल उघडावयाची होती (पहिल्या तारखेची तजवीज वेगळी केलेली होती), म्हणून तीच वजाबाकी ‘ऑक’ या दुसऱ्या आज्ञेकडून करवून पाहिली, तर निमूटपणे सात आले, आणि त्यामुळे तारीख निर्दोष आहे असा माझा खोटा ग्रह होऊन अर्धा दिवस फुकट गेला. अखेर माझ्याच एका अपराधाकडे लक्ष गेले. सुरुवातीच्या चाचण्यांत न आलेल्या फाइलींबद्दलच्या तक्रारी पडद्यावर उमटत, त्या दिसायला गबाळ्या वाटल्या, म्हणून सर्वच त्रुटिसंदेश मी ‘डेव्ह नल’मध्ये, म्हणजे जिथून काहीही परत येत नाही अशा जागी, सोडून दिले होते. ती सोय काढून टाकताच बॅशने सांगितले की ०८ हा आकडा त्याच्या पायाच्या मानाने मोठा आहे.

कारकुनाच्या दृष्टीने तारखेआधीचे शून्य केवळ रकाना सरळ दिसावा म्हणून घातलेले असते. बॅशच्या लेखी मात्र ती घोषणा असते, की यापुढचा आकडा अष्टमानात वाचावा. बॅशच्या घराण्याचे मूळ असलेल्या युनिक्सचा जन्म १९६९ साली बेल प्रयोगशाळांत पीडीपी-७ या यंत्रावर झाला. त्या यंत्राचा शब्द अठरा बिटांचा, म्हणजे तीन-तीनच्या सहा गटांत नेमका बसणारा, आणि असा प्रत्येक गट अष्टमानातील एका अंकाने लिहिता येतो. शून्याची ही खूण सी भाषेने पुढे चालविली आणि बॅशने तिच्याकडून घेतली. अष्टमानात शून्य ते सात एवढेच अंक. म्हणून ०१ ते ०७ या तारखा दोन्ही पद्धतींत सारख्याच, दहापासून पुढे आरंभी शून्यच नाही, आणि मध्ये कोंडीत सापडतात त्या केवळ आठ आणि नऊ! वजाबाकी अडली की ती ओळ सोडून स्क्रिप्ट पुढे जाई, आदल्या दिवसाचा आकडा रिकामा राही, फाइल सापडत नसे, आणि न सापडलेल्या शिलकेच्या जागी मीच लिहून ठेवलेले शून्य बसे. वजाबाकीपूर्वी ‘पाया दहा’ असे स्पष्ट सांगताच प्रकरण मिटले.

दोन महिन्यांनी एका शाखेने नवे विंडोज यंत्र घेतले आणि त्याच दिवशी तिच्या हिशेबात तफावत लागली. अहवालात छापून आले होते: काल ४८२१०, आज ४८२१०, जुळत नाही. हिशेबनीसांनी तो कागद न बोलता माझ्या टेबलावर ठेवला.

या वेळी पडद्यावर विसंबलो नाही. फाइल ‘ओडी’ या आज्ञेतून पाहिली. तिच्या नावाचा अर्थच अष्टमानातील उतारा, आणि ज्या अष्टमानाने मला फसविले त्यानेच आता साक्ष दिली. शिलकेच्या शेवटच्या अंकानंतर ०१५ उभा होता, म्हणजे दशमानात तेरा. ओळ संपल्यावर छापयंत्राची गाडी डाव्या टोकाला आणण्याचा हा जुना संकेत. विंडोज तो प्रत्येक ओळीच्या अखेरीस, कागद सरकविण्याच्या संकेताआधी, अद्याप लिहिते, आणि युनिक्स मात्र दुसऱ्यावरच भागविते. त्यामुळे आजच्या शिलकेला कालच्यापेक्षा एक अदृश्य अक्षर जास्त होते, आणि अक्षरांची तुलना करणाऱ्या स्क्रिप्टचा निकाल बरोबरच होता. ‘टीआर’ने ते अक्षर गाळण्याची एक ओळ आरंभी घातली.

त्रुटिसंदेश तेव्हापासून एका स्वतंत्र फाइलीत जमा होतात आणि रोज सकाळी चहाआधी मी ती उघडून पाहतो. पहिल्याच महिन्यात तिच्यात तीन नव्या नोंदी सापडल्या. त्यांपैकी दोन चुका माझ्याच होत्या.