तांडेलाचा टिंडल कसा झाला

पालघर स्थानकातून पश्चिमेकडे निघालेला एक रस्ता सातपाटीच्या खाडीशी येऊन थांबतो. तिथे नांगरलेल्या एखाद्या होडीचा तांडेल कोण, असे विचारले, तर नेमक्या एका माणसाकडे बोट दाखवले जाते. उधाणाच्या कोणत्या पाण्यावर खाडीबाहेर पडायचे, जाळे कुठे टाकायचे, कधी ओढायचे, वारा फिरला तर थांबायचे की परतायचे, हे तो ठरवतो. होडी नाखव्याच्या मालकीची असते, आणि अनेकदा नाखवा व तांडेल एकाच घरचे असतात. पण किनारा दिसेनासा झाला की शब्द चालतो तो तांडेलाचा. मुरबे, तारापूर, डहाणू, पुढे दमणपर्यंत हा शब्द तसाच आहे. कित्येक घराण्यांचे तर ते आडनावच होऊन बसले आहे.

हाच शब्द इंग्रजीतही आहे. तिथे तो 'टिंडल' असा उच्चारला जातो. मात्र त्या भाषेच्या कोशात नौकेचा प्रमुख शोधू गेल्यास तो सापडत नाही. सापडतो तो देशी खलाशांचा मुकादम, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बराच खालचा. एकाच माणसाचे हे दोन दर्जे कसे झाले, त्याचा हा धागा.

शब्द जुना आहे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता आपल्या पूर्वेकडील सागरप्रवासाच्या वर्णनात जहाजावरील प्रमुख मंडळींची नावे सांगतो. त्यांत नाखुदा आहे, हिशेब ठेवणारा कराणी आहे आणि खलाशांचा म्होरक्या तंदीलही आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरील हुद्द्यांची यादी दिली आहे. पहिला नाखुदा, दुसरा वाट दाखवणारा मुअल्लिम आणि लगेच तिसरा तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख. जहाज धक्क्याला लावण्याचे काम पाहणारा सरहंग, आपला 'सारंग', त्याच्यानंतर येतो. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पुढे तो उलटणार आहे.

इथे एक भेद करणे न्यायाचे ठरेल. महासागर ओलांडणाऱ्या मोठ्या जहाजावर तांडेलाच्या वर नाखुदा असे. किनाऱ्यालगतच्या लहान नौकांवर मात्र वर कोणीच नसे. तांडेल हाच सर्वेसर्वा. इंग्रजांची या शब्दाशी भेट झाली ती मोठ्या जहाजांवर.

ही भेट कशी झाली, याची एक नोंद शिवकाळातलीच आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर शिवप्रेमींना परिचित आहे. जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याने त्याला उपचारासाठी बोलावून घेतले होते. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात देशी जहाजांवरील माणसांचा उल्लेख आहे. तो नाखुद्याला कप्तान म्हणतो आणि टिंडलला 'बोट्सवेन'. बोट्सवेन म्हणजे दोरखंड, शिडे आणि खलाशी यांच्यावर देखरेख करणारा. अर्थ फार चुकलेला नव्हता. घसरण अजून व्हायची होती.

पुढील दोन शतकांत युरोपीय जहाजांवर हिंदी खलाशांची भरती वाढत गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही चढले. सारंग हा 'सेरँग' झाला आणि बोट्सवेनची जागा त्याला मिळाली. टिंडल त्याच्या हाताखाली गेला. इंजिनघरात कोळसा ओढणाऱ्यांच्या टोळीवरही एक टिंडल असे. जमिनीवर कंपनीच्या तोफखान्यात तोफा ओढणाऱ्या माणसांचा मुकादम टिंडल आणि रस्ते-इमारतींच्या कामावरील मजुरांचा मुकादमही टिंडल. १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या प्रसिद्ध कोशात हे सारे अर्थ एकत्र दिलेले आहेत. व्युत्पत्तीबद्दल मात्र विद्वानांचे एकमत नाही. कोणी तो माणसांच्या रांगेशी, म्हणजे तांड्याशी जोडतो, तर कोणी मल्याळममधील वल्ह्याच्या 'तंडू' या शब्दाशी. वल्ह्याचे मूळ अधिक सुंदर आहे. मराठी कानाला तांडा जवळचा वाटतो, एवढेच.

घसरलेला शब्द हा एकटाच नाही, आणि खरी गोष्ट इथेच आहे. 'लश्कर' म्हणजे सेना. इंग्रजीत त्याचा 'लास्कर' झाला आणि अर्थ उरला कमी वेतनावरचा आशियाई खलाशी. फारसी 'सरहंग' म्हणजे सेनानायक. शिवछत्रपतींच्या आरमारात 'दर्यासारंग' हा मोठ्या अधिकाऱ्याचा किताब होता. तोच सारंग ब्रिटिश जहाजावर गोऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम ऐकून खाली पोहोचवणारा ठरला. खलाशी या शब्दाचा तर 'क्लासी' असा अपभ्रंश होऊन तो तंबू ठोकणाऱ्या हमालालाही लावला जाऊ लागला.

याउलट नौकांची नावे पाहावीत. आंग्र्यांच्या आरमारातील गुराब इंग्रजीत 'ग्रॅब' झाली. गलबताशी नाते सांगणारा 'गॅलिवॅट' हाही त्याच पाण्यातला शब्द. इंग्रजी कागदपत्रांत ही नावे येतात तेव्हा त्यांत हेटाळणी नाही. असलाच तर धाक आहे. कारण उघड आहे. नौकांची नावे इंग्रजांनी समोरून येणाऱ्या तोफांसह ऐकली, माणसांची नावे हजेरीपटावर लिहिली. जो शब्द शत्रू म्हणून आला त्याचा मान राहिला, जो चाकरीला लागला त्याचा दर्जा मालकाने ठरवला.

आपल्याकडील स्मृतीही याला फारशी अपवाद नाही. तारापूर म्हटले की इतिहासप्रेमींना चिमाजी अप्पांची फिरंगाणावरील मोहीम, जानेवारी १७३९ मधील किल्ल्याची लढाई आणि तिथे गोळी लागून पडलेले बाजी भिवराव रेठरेकर आठवतात. आठवायलाच हवेत. मात्र याच किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या नौका हाकणाऱ्या तांडेलांपैकी एकाचे तरी नाव किती जणांना सांगता येईल?

ब्रिटिश जहाजांवर दर्जाबरोबर हक्कही घसरले. १८२३ च्या एका ब्रिटिश कायद्याने लास्करांना 'ब्रिटिश खलाशी' मानण्याचे नाकारले. राजा एकच होता, जहाज एकच होते, वादळही एकच. वेतन आणि झोपायची जागा मात्र वेगळी. मुंबईत मशीद बंदर परिसरातील नाविकांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. युद्धात मृत्यू पावलेल्या हिंदी नाविकांच्या नोंदींत नावापुढे हुद्दा येतो: लास्कर, सेरँग, टिंडल. मरणानंतरही शब्दाचे इंग्रजी स्पेलिंगच टिकले.

मग १९५८ साल उजाडले. स्वतंत्र भारताच्या संसदेने व्यापारी नौवहन कायदा केला. कायद्याची भाषा इंग्रजी होती आणि त्यात शिडाच्या नौकांचाही विचार होता. अशा नौकेच्या प्रमुखाला काय म्हणावे? मोठ्या जहाजांसाठी 'मास्टर' हा शब्द होताच. शिडाच्या नौकेसाठी कायद्याने वेगळी व्याख्या केली: नौकेची धुरा ज्याच्या हाती, जो तिचा प्रमुख, तो 'टिंडल'. इंग्रजी जहाजांवर मुकादम होऊन राहिलेला शब्द इंग्रजी वर्णांतच परत आला आणि त्याला त्याची नौका मिळाली. मसुदा लिहिणाऱ्यांच्या मनात या प्रवासाचा विचार असेल असे मानण्याचे कारण नाही. किनाऱ्यावर जो अर्थ चालत होता तोच त्यांनी उचलला असावा.

तोपर्यंत सातपाटीच्या होड्यांना यंत्रे बसू लागली होती. मत्स्यव्यवसायाच्या ग्रंथांत 'सातपाटी पद्धतीची होडी' असा स्वतंत्र प्रकार नोंदला गेला. शिडे उतरली, नंतर उपग्रहाच्या आधारे स्थान सांगणारी यंत्रे आली. तांडेल हा शब्द मात्र कोणी बदलला नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये कराचीहून निघालेल्या दहा हल्लेखोरांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवली. तिच्यावरील चार खलाशांना त्यांनी ठार केले. तांडेलाला मात्र जिवंत ठेवले. त्यांच्याजवळ शस्त्रे होती, दिशा दाखवणारी यंत्रेही होती. तरीही नौका मुंबईपर्यंत न्यायला त्यांना तो हवा होता. मुंबई जवळ आल्यावर त्यांनी त्यालाही मारले. दुसऱ्या दिवशीपासून इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याचा उल्लेख 'कॅप्टन' असा केला.